टाइप ओळखू द्या, पण हद्दीवर लिहा

यूएईतून घरी पैसे पाठवण्याच्या एखाद्या ॲपमध्ये ५०० हा आकडा आला, तर कंपायलर तो पूर्णांक आहे एवढेच ओळखतो. ते दिरहम, फिल्स की रुपये, हे त्याला कळत नाही. एका दिरहमचे १०० फिल्स होतात, म्हणजे एवढ्याशा गफलतीने रक्कम शंभरपट चुकते. तसेच तिथला मोबाइल क्रमांक ०५ ने सुरू होतो. तो संख्या म्हणून साठवला की सुरुवातीचे शून्य गेलेच. टाइप आपोआप ओळखण्याची सोय उत्तम आहे, पण ती मूल्याचे रूप ओळखते, प्रोग्रामरचा हेतू नव्हे. म्हणून फंक्शनच्या आत टाइप ओळखू द्यावा. जिथे एका टीमचा कोड दुसरीच्या हाती जातो, तिथे मात्र ‘दिरहम’, ‘फिल्स’ असे वेगळे टाइप करून ते स्पष्ट लिहावेत.

यावर आक्षेप असा, की त्याने कोड फुगतो आणि एडिटर टाइप दाखवतोच. पण एडिटर दाखवतो तो आजचा निष्कर्ष. उद्या फंक्शनचा आतला भाग बदलला की तोही निमूट बदलतो. लिहिलेला टाइप हा करार असतो, तो मोडला की कंपायलर तिथेच अडवतो. भाषांनीही हाच मध्यम मार्ग धरला आहे: २०१८ मध्ये जावा १० ने टाइप न लिहिण्याची मुभा देणारे ‘व्हार’ आणले ते केवळ स्थानिक व्हेरिएबल्ससाठी, आणि रस्टमध्ये फंक्शनच्या पॅरामीटरचे टाइप लिहावेच लागतात. हद्दीवर एकक गृहीत धरणे किती महागात पडते पाहा: एककांच्या घोळाने नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये गमावले गेले. पैशांच्या व्यवहारात तरी चार अक्षरे वाचवण्याचा मोह टाळावा.