पाच वतनदार

भाऊबीजेला आमच्या घरी फराळापेक्षा भांडणच अधिक रुचकर होते, ही जुनी रीत आहे. गेल्या भाऊबीजेला विषय काढला तो आमच्या धाकट्या भावोजींनी. चकली मोडता मोडता ते म्हणाले, "वहिनी, एकशे चाळीस कोटींचा आपला देश, आणि सुरक्षा समितीत आपल्याला कायमची खुर्ची नाही, व्हेटो नाही! पाच जण बसतात नि साऱ्या जगाचा निवाडा करतात. हा आपला अपमान नव्हे काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्या मानेचे कारण त्या दिवशी गलक्यात नीट सांगता आले नाही, ते येथे सांगते.

तक्रार खरी आहे, याबद्दल वादच नाही. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ५० राष्ट्रांनी सनदेवर सह्या केल्या. त्यांत आफ्रिकेतले देश अवघे चार: इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि गोऱ्यांच्या मुठीतले दक्षिण आफ्रिका. सर रामस्वामी मुदलियारांच्या नेतृत्वाखाली आपले मंडळही तेथे होते. पण दिल्लीत व्हाइसरॉय बसलेला होता, हे विसरून चालणार नाही. आज सभासद १९३, त्यांत आफ्रिकेचे ५४. कायमचे पाच मात्र तेच. त्यातली गंमत पाहा. चीनची खुर्ची १९७१ पर्यंत तैपेईच्या सरकारकडे होती. सोव्हिएत संघराज्य १९९१ च्या डिसेंबरात मोडले, आणि त्याची खुर्ची एका पत्रानिशी रशियाकडे गेली. घर मोडले तरी वतन मोडत नाही, म्हणतात ते असे!

वतन हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. आपल्या मराठी मुलखाला वतन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कोण्या पूर्वजाने कधी काळी लढाईत कामगिरी केली, त्याबद्दल मान मिळाला. मग पिढ्यान् पिढ्या पानाचा विडा पहिला त्याच घरी जायचा, माणूस कामाचा असो वा बिनकामाचा. या पाचांची कामगिरी १९४५ ची. ती मोठी होती, नाही कोण म्हणतो? पण सनदेच्या १०८ व्या कलमात या वतनदारांनी अशी तजवीज करून ठेवली आहे की, सनदेत काना-मात्रा बदलायची झाली तरी दोन-तृतीयांश सभासदांबरोबर या पाचही जणांची मंजुरी हवी. वतन रद्द करायचे तर वतनदाराचीच सही आणा! मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने मोडली, १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची मोडली. प्रत्येक वतनदाराच्या सहीची वाट पाहिली असती तर ती आजही तशीच असती.

मोठ्या राष्ट्रांचे वकील यावर ठेवणीतले उत्तर काढतात. म्हणतात, माणसे वाढवली की सभा रेंगाळते. पंधराच बरे, झटपट काम होते. झटपट? १९९४ च्या एप्रिलात रवांडात माणसे कापली जात होती. समितीत तेव्हाही पंधराच जण होते. त्यांनी २१ एप्रिलला झटपट ठराव केला खरा. पण तो शांतिसेना वाढवण्याचा नव्हे, ती २७० वर आणण्याचा! शे-सव्वाशे दिवसांत लाखो माणसे मेली. ८ डिसेंबर १९२३ ची नव्हे, अगदी कालपरवाची, ८ डिसेंबर २०२३ ची गोष्ट घ्या. गाझातील युद्धबंदीच्या ठरावाला पंधरांपैकी तेरा जणांनी होकार दिला, ब्रिटन तटस्थ राहिले, आणि एकट्या अमेरिकेच्या हाताने ठराव पडला. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाच्या निषेधाचा ठराव रशियाच्या एका हाताने पडला. आणि त्या महिन्याचे अध्यक्षपदही रशियाकडेच! आरोपीनेच घंटा वाजवून कोर्ट उठवावे, तसे. सभा अडते ती पंधरांमुळे नाही, एकामुळे अडते.

येथवर भावोजी खूष होते. पण आमच्या म्हापशाच्या मावशी दिवाळीला आल्या होत्या. १९६१ साली त्या बारा वर्षांच्या होत्या. इतका वेळ मुकाट्याने शंकरपाळे खाणाऱ्या मावशी एकदम म्हणाल्या, "अगो, त्या व्हेटोला नावे ठेवू नको. रशियाने तो वापरला नसता तर आमचे गोंय काय झाले असते?"

हा प्रश्न टाळून पुढे जाणारा लेखक अप्रामाणिक म्हणावा लागेल. १८ डिसेंबर १९६१. आपले सैन्य गोव्यात शिरले होते आणि पोर्तुगालची तक्रार समितीपुढे होती. तेव्हा समिती अकरांची होती. भारताने लढाई थांबवून सैन्य मागे घ्यावे, या ठरावाला सात मते पडली: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर आणि तैपेईचा चीन. विरुद्ध चार. त्यांत सोव्हिएत संघ होता, म्हणून ठराव कोसळला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. मावशींच्या लेखी तो हात देवाचाच.

पण मावशी, ते बाकीचे तीन हात कोणाचे होते? सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. त्या अकरांत आशिया-आफ्रिकेतले, वसाहतीचा चटका अंगावर घेतलेले म्हणावे असे देश तेवढेच होते, आणि ते तिन्ही आपल्या बाजूने उभे राहिले. त्यांना व्हेटो नव्हता. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. जगाच्या लोकसंख्येचा नि देशांचा हिशेब धरून ती समिती भरली असती, तर आपल्याला एका बड्या राष्ट्राच्या मेहरबानीवर विसंबावे लागले असते का? आणि आणखी एक तारीख सांगते. ५ डिसेंबर १९६१. काँगोतल्या एलिझाबेथव्हिल येथे राष्ट्रसंघाच्या निशाणाखाली लढताना कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी त्याच राष्ट्रसंघाच्या समितीत अकरांपैकी सात हात आपल्याविरुद्ध वर झाले. सैनिक चालतो, पण सल्ला चालत नाही!

मात्र न्यायाची समिती म्हणजे आपल्या बाजूचीच समिती, असा समज कोणी करून घेऊ नये. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशाच्या लढाईत पुन्हा सोव्हिएत व्हेटोने आपल्याला सांभाळले. परंतु ७ डिसेंबरला आमसभेत, जेथे व्हेटो कोणालाच नाही, युद्धबंदी व माघारीच्या बाजूने १०४ मते पडली आणि विरुद्ध फक्त ११. आशिया-आफ्रिकेतले पुष्कळसे देश त्या १०४ मध्ये होते. तेव्हा आपली बाजू खरी होती, असे मी आजही म्हणेन; पण ती आपल्याला पटवून देता आली नाही, हेही म्हणेन. आणि ज्या व्हेटोचे आपण आभार मानले, त्याचीच दुसरी धार वर्षभरात दिसली: २५ ऑगस्ट १९७२ रोजी नव्या चीनने आपला पहिला व्हेटो वापरला तो बांगलादेशाला सभासद होऊ न देण्यासाठी. बिचाऱ्यांना १९७४ पर्यंत दाराबाहेर थांबावे लागले.

म्हणून माझी मान अर्धी. खुर्ची मागावी, पण वतन मागू नये. २००५ साली भारत, ब्राझील, जर्मनी आणि जपान या चौघांनी मसुदा केला, त्यात नव्या कायम सदस्यांनी पंधरा वर्षे व्हेटो वापरू नये असे म्हटले होते. म्हणजे सनद करून घ्यायची आणि पेटीत घालून ठेवायची! साहजिकच शेजारी चिडले. पाकिस्तानला भारत नको, इटलीला जर्मनी नको, मेक्सिको-अर्जेंटिनाला ब्राझील नको. पाटीलकी शेजाऱ्याच्या घरी गेलेली कोणाला खपते? साध्या दोन वर्षांच्या जागेसाठी १९९६ साली आपण जपानशी लढलो आणि १४२ विरुद्ध ४० मतांनी पडलो, हेही आठवलेले बरे. आफ्रिकेने २००५ च्या एझुल्विनी जाहीरनाम्यात निदान सरळ सांगितले: व्हेटो तत्त्वतः आम्हाला नको, पण तो राहणार असेल तर आम्हालाही द्या. या बोलण्यात राग आहे, आणि तो रास्त आहे. समितीच्या कामकाजाचा मोठा भाग आफ्रिकेतल्या तंट्यांचा, आणि त्या खंडाला कायमची जागा एकही नाही. २०२४ च्या सप्टेंबरात सगळ्या सभासदांनी आफ्रिकेवरचा हा अन्याय आधी दूर करावा असे कबूल केले. कागदावर.

मग आपण काय मागावे? पहिल्या रांगेत आफ्रिकेला बसवा, असे आपणच आधी म्हणावे. आपला नंबर पुढे दामटू नये. व्हेटो आम्हाला नको, आणि तुमचाही आवरा, असे म्हणावे. शिवाय सनदेचे ४४ वे कलम धूळ खात पडले आहे, ते काढावे. समितीबाहेरच्या देशाकडे सैन्य मागायचे झाले, तर त्या सैन्याच्या वापराचा निर्णय करताना त्याला सभेत बोलवावे, असे त्यात १९४५ पासून लिहिलेले आहे. भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा येथली पोरे निळ्या टोप्या घालून परमुलखात मरतात. त्यांच्या सरकारांना निदान एवढे तरी मागण्याचा हक्क आहे. जुन्या महजरावर पाटलाच्या नांगराशेजारी बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्याही असत. गावाला तेवढी अक्कल होती.

वतनदार ऐकणार नाहीत, असे भावोजी म्हणाले. कदाचित. पण १९६३ सालीही ऐकणार नव्हते. १७ डिसेंबरला समिती अकरावरून पंधरावर नेण्याचा ठराव आमसभेपुढे आला, तेव्हा फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी विरुद्ध मत दिले. अमेरिका, ब्रिटन तटस्थ बसले. पाचांपैकी होकार देणारा तैपेईचा चीन एकटाच. तरी नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या जोरावर ९७ मते पडली. आणि ३१ ऑगस्ट १९६५ रोजी ती दुरुस्ती अमलात आली, पाचही वतनदारांच्या सह्यांनिशी!

हे ऐकून भावोजींनी चिवड्याची वाटी पुढे ओढली आणि म्हणाले, "वहिनी, व्हेटोशिवाय खुर्ची म्हणजे बिनसाखरेची करंजी." मावशींचे तिकडे लक्षच नव्हते. त्यांनी धाकट्या नातवाला शाळेचा नकाशा आणायला पाठवले होते. तो आला तेव्हा त्यांनी फराळाची ताटे बाजूला सारून तो सतरंजीवर पसरला, चष्मा लावला आणि विचारले, "त्या दिवशी आमच्या बाजूने हात वर केलेले ते लायबेरिया यात कुठे आहे, दाखवा पाहू." भावोजींचे बोट आधी लिबियावर गेले, मग नायजेरियावर. शेवटी नातवानेच शोधले.