मिरगाआधी ढीग हलवा

रोहिण्या लागल्या की आपल्याकडे कवेलू फेरायची लगबग सुरू होते. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, पन्हाळीतला पाला उपसायचा. घराच्या डोक्यावरची ही कामे कुणाला सांगावी लागत नाहीत. पण सपरीच्या कोपऱ्यात, रिकाम्या गोठ्यात किंवा जिन्याखाली आपण हौसेने थाटलेली लाकूडकामाची जागा तशीच राहते. पहिला पाऊस पडून गेल्यावर पटाशीवर तांबेरा दिसतो, तेव्हा तिची आठवण होते. म्हणून यंदा हा विषय मिरगाच्या आत मांडतो आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अशा बऱ्याच जागा मी पाहिल्या आहेत. तिथे अडगळ असते ती हत्यारांची नव्हे, तुकड्यांची. आपण सागवानाच्या मुलखात राहतो. मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी साग वाजतगाजत निघाला, तो आपल्याच जंगलातला. आलापल्लीच्या सागाचे नाव तर थोरल्या सुतारांच्या तोंडी आजही आदराने येते. असल्या लाकडाचा वीतभर तुकडा चुलीत घालायला हात धजत नाही. माझाही धजत नाही. मग तो भिंतीशी उभा राहतो, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर बिजाची फळी, त्यावर धावड्याचा दांडा. रंधा मारायला जागा उरत नाही तेव्हा आपण अंगणात पोते टाकून काम करतो आणि ढीग आपल्या जागी सुखाने राहतो. या ढिगामागे आळस नाही, लाकडाबद्दलची माया आहे. ती खरी आहे, म्हणूनच तिच्याशी बोलणे भाग आहे.

गेल्या वर्षी मी माझा ढीग तळापर्यंत उपसला. सर्वांत खाली एक सागाची फळी होती, दीड हात लांब, देव्हाऱ्यासाठी अकरा वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेली. वरून बघता ती जशीच्या तशी. उचलली तर एका कडेतून मैद्यासारखी बारीक भुकटी गळाली. बोटाने दाबले तर ती कड आत दबली. टाचणी जाईल एवढी गोल भोके, आणि आत सगळे पोकळ. मधला तपकिरी गाभा मात्र ठणठणीत, वाजवला तर खणखणीत आवाज. सागाला भुंगा लागत नाही असे आपण म्हणतो ते गाभ्यापुरते खरे आहे. कडेच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडात पिठूळ साठा असतो आणि भुंग्याच्या अळीला तोच हवा असतो. ज्या दिवशी फळी आणली त्याच दिवशी पांढरी कड उतरवून टाकली असती, तर देव्हारा आज घरात असता. जपण्याच्या नावाखाली मी ती फळी अळीला दिली, याचे वाईट अजून वाटते.

बांबूचे तर याहून लवकर होते. पावसाळ्यात तोडलेला, न भिजवलेला बांबू ठेवला की काही महिन्यांत घुण त्याचे पीठ करतो. आपली बुरूड मंडळी बांबू पाण्यात बुडवून ठेवतात. त्यामुळे त्यातला साखर-पिठाचा अंश धुऊन जातो आणि घुणाला खायला फारसे उरत नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात कामट्या मुरवण्याची रीतही आता पुष्कळांना माहीत झाली आहे. पण ढिगाखाली दडपलेल्या जुन्या कामटीला यातले काहीच मिळालेले नसते. ज्या तुकड्याखाली ताजी भुकटी दिसेल तो त्याच दिवशी चुलीत गेला पाहिजे. तो बाजूला ठेवला तर शेजारचा तुकडाही जातो.

ढीग उपसताना हात घालू नका, आधी काठी घाला. हे मी जोर देऊन सांगतो. उन्हाच्या तडाख्यात गारव्यासाठी आणि पाऊस पडला की कोरड्या जागेसाठी विंचू आणि साप लाकडाच्या ढिगातच येतात. मण्यार रात्री फिरते, दिवसा असल्या सांदीत पडून असते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. त्यामुळे कामाला उजेडातच बसायचे, पायात बूट हवा. दंश झाल्याचा नुसता संशय आला तरी मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठायचा. पुन्हा रचताना लाकूड जमिनीपासून हातभर वर, भिंतीपासून वीतभर सुटे ठेवा. खालून खराटा फिरला पाहिजे आणि उजेड आरपार दिसला पाहिजे. त्यासाठी विकतची मांडणी लागत नाही, दोन विटांवर टाकलेले दोन वासे पुरतात.

आता जवसाच्या तेलाबद्दल. धानाच्या बांधीत उतेरा पेरलेले जवस आपल्या घरचे, आणि त्याच्या तेलाने सागावर येणारी झळाळी दुसऱ्या कशाने येत नाही. पण हे तेल नुसते सुकत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि तसे होताना उष्णता सोडते. फळीवर ती उष्णता उडून जाते. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात फेकले तर ती आतच साठत जाते आणि काडी न लावता फडके पेटू शकते. पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, भुशाच्या पोत्याशेजारच्या बादलीत, असे बोळे मी स्वतः वर्षानुवर्षे टाकत आलो. एका संध्याकाळी बादलीतून जळकट, आंबूस वास आला. हात लावला तर बोळा तव्यासारखा तापलेला. त्या दिवसापासून फडके अंगणातल्या दोरीवर पसरून वाळते, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडते. फेब्रुवारी 2021 मध्ये चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला आग लागली, तेव्हा वाळलेला बांबू पेटला की काय होते ते चंद्रपूर जिल्ह्याने पाहिले आहे. आपल्या सपरीत तर बांबू, भुसा आणि तेल एकाच कोपऱ्यात असतात.

भुसा झाडताना आधी पाण्याचा हबका मारा आणि नाकाला फडके बांधा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्यांत अधिक लागू होते, ती कागदांची. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 69 प्रमाणे वनोपज सरकारचे आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानले जाते. म्हणजे तुमच्या कोपऱ्यातला जाड सागाचा ठोकळा कुठून आला हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर येते. डेपोतल्या लिलावाची पावती, वाहतूक परवाना, जुन्या घराचे लाकूड असेल तर घर पाडतानाचा एखादा फोटो, हे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हत्यारांच्या पेटीत ठेवा. एप्रिल 2011 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचा परवाना आला, त्यासाठी त्या गावाने किती वर्षे घालवली हे आपण जाणतो. ग्रामसभेकडून घेतलेल्या बांबूची पावती फेकून देणे मला पटत नाही.

राहिला प्रश्न काय ठेवायचे. प्रत्येक तुकड्यावर खडूने जात आणि साल लिहा: साग, बिजा, शिवण, हळदू, धावडा. दोन पावसाळे ज्याला हात लागला नाही त्याचा निकाल लावा. वीतभरापेक्षा लहान साग दिव्यांच्या बैठकीला, मोगरीला किंवा खुंट्यांना जाईल. धावड्याचे दांडे शेजारच्या शेतकऱ्याला द्या, त्याला कुऱ्हाडीला दांडा हवाच असतो. आणि हत्यारांना मिरगाआधी निसण्यावर धार लावून तेलाचा हात फिरवा, गोणपाटात नको, सुती कापडात गुंडाळा, कारण गोणपाट ओल धरून ठेवते.

पण या ढिगाचे सर्वांत चांगले काम पोळ्याला होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातले प्रत्येक पोर चाकांवरचा लाकडी नंदी ओढत निघते, आणि अलीकडे त्यातले पुष्कळ नंदी बाजारातून आणलेले असतात. शिवण हलके, पिळत नाही, लहान पटाशीने सहज कोरता येते. एका फूटभर ठोकळ्यात नंदीचे अंग निघते, चाके हळदूच्या चकत्यांची, आस धावड्याचा. आता सुरुवात केली तर आषाढात कोरून होतो, श्रावणात रंग सुकतो.

माझ्या ढिगातून यंदा शिवणीचे पाच ठोकळे निघाले. तीन उभे चिरून झाले आहेत. काल शेजारची सात वर्षांची मुलगी येऊन बसली, एका ठोकळ्यावर हात फिरवून म्हणाली, "काका, याचं शिंग इथून काढजा, इथं गाठ आहे." गाठ खरोखरच तिथे होती. त्या ठोकळ्यावर मी खडूने तिचे नाव लिहून ठेवले आहे.