उरलेला अर्धा दिवस

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी मुलांची वर्दळ सुरू होते. गुणपत्रिका दाखवून झाली, पेढा हातावर पडला, की विद्यार्थी वा त्याचे वडील हळूच विचारतात, "सर, सकाळच्या सत्रात नाव घालावे की दुपारच्या?" बारावीनंतर बी.ए. किंवा बी.कॉम.ला जाणाऱ्यांचाही हाच प्रश्न असतो. शाखा कोणती घ्यावी याची चर्चा वर्षभर चाललेली असते. सत्राचा निर्णय मात्र प्रवेशाच्या रांगेत उभे असताना, पुढचा मुलगा अर्जात काय लिहितो ते पाहून घेतला जातो. आम्हांस हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली कित्येक गुणी मुले महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी कोठे हरवली, याचा शोध घेत आम्ही अनेकदा अर्जातील याच रकान्यापाशी येऊन थांबलो आहोत.

सकाळचे सत्र हुशारांचे आणि दुपारचे मागे राहिलेल्यांचे, अशी एक समजूत तालुक्याच्या गावांत ऐकू येते. तिला काही आधार आहे असे आम्हांस दिसलेले नाही. आम्ही पाहिलेल्या महाविद्यालयांत दोन सत्रे झाली ती वर्गखोल्या अपुऱ्या होत्या म्हणून. गुणवत्तेचा विचार त्यामागे नव्हता. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांमुळे दिवस तसाही लांबतो, तेथे निवडीला फारसा वाव नसतो. खरा प्रश्न आहे तो कला आणि वाणिज्य शाखांतील मुलामुलींचा, आणि आपली बरीचशी मुले तिकडेच वळतात.

वर्ग केव्हा भरवावा, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण त्यांचा दिवस शेतमालकाच्या आणि सावकाराच्या ताब्यात होता. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढील वर्षी २० जूनला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथील वर्ग सकाळी भरत. दिवसा कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या तरुणाला नोकरी न सोडता पदवी घेता यावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९५० साली औरंगाबादेस त्याच संस्थेचे महाविद्यालय निघाले, तेव्हा परिस्थिती निराळी होती. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेल्या मुलाला शहरात नोकरी नव्हती आणि डोके टेकायला खोलीही नव्हती. म्हणून नागसेनवनात महाविद्यालयाच्या जोडीला वसतिगृहे उभी राहिली. संस्था एक, संस्थापक एक, तरी दोन शहरांत दोन व्यवस्था. घड्याळाकडे पाहण्याआधी त्यांनी विद्यार्थ्याच्या उरलेल्या दिवसाकडे पाहिले, असे आम्ही समजतो.

आज सत्र निवडताना नेमके हेच राहून जाते. साडेसात ते साडेअकरा महाविद्यालय झाले की पुढचा सारा दिवस मोकळा, असे विद्यार्थी मानतो. घरचे आणि दुकानदारही तसेच मानतात.

हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत. आम्ही बी.ए.ला सकाळचे सत्र घेतले, ते दुपारी एका भुसार मालाच्या दुकानात हिशेब लिहिण्याचे काम मिळाले म्हणून. काम चार तासांचे ठरले होते. दिवाळीपर्यंत ते सहा तासांचे झाले आणि संक्रांतीनंतर दुकानाला कुलूप लावूनच घरी जाण्याची आमच्यावर वेळ आली. पहाटेची गाडी गाठायची म्हणून साडेचारला उठणे, पहिल्या तासिकेला डोळे उघडे ठेवण्याची कसरत, आणि चौथी तासिका अर्ध्यावर सोडून दुकान गाठणे. इतिहास हा आमचा आवडीचा विषय. त्याची तासिका नेमकी चौथी होती! त्या वर्षी आम्ही कसेबसे उत्तीर्ण झालो. मालक वाईट माणूस नव्हता. आम्हीच वेळ बांधून घेतली नव्हती, आणि गरजवंताला ती बांधून मागता येते हे आम्हांस तेव्हा ठाऊकही नव्हते.

मुलींच्या बाबतीत तर दुकानाचीही गरज पडत नाही. आपल्या विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीला वडिलांनी सकाळचे सत्र घेऊन दिले. दुपारी बाराला पोर घरी, उशिराच्या गाडीची काळजी नाही, हा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. परंतु बाराला घरी आलेल्या मुलीच्या हाती पुस्तक कोण देतो? चूल, धुणे, धाकटा भाऊ, आणि निंदणीच्या दिवसांत दोनपासून शेत. ती अर्थशास्त्रात नापास झाली तेव्हा वडील म्हणाले, "सर, आख्खी दुपार मोकळी असते हिला, तरी अभ्यास करत नाही." आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की एक आठवडा तिच्या दुपारी काय काय होते ते मोजा. दुसऱ्या वर्षी तिने सत्र बदलले. वसतिगृहात जडलेली पहाटेची सवय कामी आली. पाच ते आठ ती वाचू लागली, कारण त्या वेळी घरात तिला कोणी हाक मारत नसे. परतीच्या शेवटच्या गाडीचा प्रश्न होताच. तो तिच्याच गावच्या तीन मुलींनी एकत्र येण्या-जाण्याचे ठरवून सोडविला.

परळच्या चाळीतील एका खोलीत बालभीमाला अभ्यासाला वेळ कसा मिळाला, हे आपण सारे वाचून आहोत. मुलगा लवकर झोपे, सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. ही गोष्ट आपण जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो. आम्हांस तीत एक व्यवस्थाही दिसते. मुलासाठी घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने स्वतःची झोप मोडली आणि आपली जागा वाटून घेतली.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला खरोखर नोकरी करावी लागते त्याने सकाळचे सत्र घ्यावे, मात्र कामाचे तास आधी ठरवावेत आणि ते वाढू लागले तर काम बदलावे, तासिका बुडवू नये. शिष्यवृत्तीला आणि स्वाधार योजनेला हजेरीची अट आहे, हे दुकानदाराला माहीत नसते. आपल्याला असले पाहिजे. ज्याला नोकरीची सक्ती नाही, त्याने, आणि विशेषतः निवासी विद्यालयातून घरी परतलेल्या मुलीने, दुपारच्या सत्राचा विचार आधी करावा. पाच वर्षे घंटेबरोबर उठलेल्या मुलाची पहाट ही त्याची सर्वांत तल्लख वेळ असते. ती एस.टी.च्या खिडकीशी पेंगण्यात घालवणे आम्हांस उधळपट्टी वाटते. उन्हाळ्यात दुपारच्या वर्गात पत्र्याखाली जीव कासावीस होतो, हे खरे आहे. आमचे त्यावर काही उत्तर नाही.

ज्यांना सकाळशिवाय गत्यंतरच नाही, त्यांच्या दुपारचे काय? आमच्या वस्तीतील विहार सकाळच्या वंदनेनंतर कुलूपबंद होते ते थेट सायंकाळी उघडत असे. गतवर्षी आम्ही विहार समितीस विनंती केली, की एक ते पाच ते अभ्यासिका म्हणून खुले ठेवावे. पंख्याचे वीजबिल कोणी भरावयाचे यावर तीन बैठका झाल्या. अखेर दोन माजी विद्यार्थ्यांनी तो भार उचलला आणि समितीने किल्ली आमच्या स्वाधीन केली. सध्या सतरंजीवर सात विद्यार्थी बसतात, त्यांत मुली दोनच. उरलेल्यांच्या आयांना भेटण्यासाठी आम्ही आमच्या सहचारिणीसह जात असतो. एक आई म्हणाली, "बाबासाहेबांच्या जयंतीला येईल ती विहारात, पण रोज दुपारी आली तर भाकऱ्या कोण करील?" तिच्याकडे येत्या रविवारी आम्हांस पुन्हा जावयाचे आहे, या वेळी तिच्या यजमानांनाही घरी थांबावयास सांगितले आहे.