कोंड्यातले गुण बाटलीत किती उतरतात?

तेल काढलेल्या तांदळाच्या कोंड्यावरील निर्यातबंदी केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये उठवली. पशुखाद्य महागल्याने जुलै २०२३ मध्ये ती घातली होती. त्यामुळे चर्चा झाली ती पेंडीच्या भावाची. त्याच कोंड्याच्या तेलाच्या बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असे ठळक छापलेले असते. त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

कोंडा म्हणजे तूस नव्हे. तूस काढलेल्या दाण्याला पॉलिश करताना निघणारी तपकिरी भुकटी म्हणजे कोंडा. तांदळातली फेनॉलिक संयुगे, विशेषतः फेरुलिक आम्ल, मुख्यतः याच थरात असतात. त्यातला मोठा भाग पेशीभित्तिकेला घट्ट जोडलेला असल्याने तेलात येतच नाही. तो पेंडीबरोबर गुरांच्या दावणीत जातो. तेलात उतरते ते गॅमा ओरायझॅनॉल, म्हणजे फेरुलिक आम्ल आणि वनस्पतींतील स्टेरॉल यांची संयुगे.

पण तेही सहज टिकत नाही. दाणा घासला जाताच लायपेज हे विकर कोंड्यातल्या तेलाला भिडते आणि काही तासांतच मुक्त मेदाम्ले वाढू लागतात. गोंदिया, भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्यात गिरण्या ठिकठिकाणी विखुरलेल्या आहेत. कोंडा गिरणीतच उष्णता देऊन स्थिर केला नाही, तर तेलाच्या कारखान्यात पोहोचेपर्यंत तो खवट होऊ लागतो. पुढे तेल अल्कली वापरून शुद्ध केले, की बहुतेक ओरायझॅनॉल साबणासारख्या गाळात निघून जाते. भौतिक शुद्धीकरणात ते बरेच राहते. म्हणून बाटलीवर हृदयाचे चित्र पाहण्यापेक्षा शुद्धीकरणाची पद्धत आणि ओरायझॅनॉलचे प्रमाण दिले आहे का, ते पाहावे.

आणि मुळात ‘अँटिऑक्सिडंट’ हा आकडा परीक्षानळीतला. तो शरीरातला परिणाम सांगत नाही, हे कारण देऊन अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये अशा आकड्यांची आपली यादीच मागे घेतली. आपल्याकडच्या जाहिरातींना त्याची खबर नसावी! कोंड्याच्या तेलाने एलडीएल कोलेस्टेरॉल काहीसे उतरल्याचे माणसांवरील लहान चाचण्यांत दिसले आहे, पण त्याचे श्रेय एकट्या अँटिऑक्सिडंटना देता येत नाही.

हल्ली काहीजण ‘सुपरफूड’ म्हणून कोंडाच चमच्याने खातात. तांदळातले अजैविक आर्सेनिकही याच थरात साचते आणि पांढऱ्या तांदळापेक्षा कोंड्यात ते बरेच जास्त असते. लहान मुलांना तरी असा कोंडा रोज देऊ नये.