क्रेडिट नोटची मुदत

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे घाणेवाडीचा तलाव, आणि फारच मोठे पाणी पाहायचे तर पैठणला जाऊन नाथसागर पाहायचा. तरीसुद्धा गेल्या काही वर्षांत इथल्या निवृत्त मंडळींत बोटीच्या सहलीचे वेड शिरले आहे. चारधाम झाले, अष्टविनायक झाले, मुलाकडे पुण्याला राहून झाले, आता क्रूझ! यात हसण्यासारखे काही नाही. चाळीस वर्षे खडूची धूळ खाल्लेल्या माणसाने आठ दिवस समुद्राची हवा खावी, असेच माझे मत आहे.

पण हल्ली अशी मंडळी बुकिंगचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. 'सर, एकदा नजर टाका,' म्हणतात. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. अकरा पाने बारीक इंग्रजी वाचायची म्हणजे मला शब्दकोश मांडीवर घेऊन बसावे लागते. बसतो. त्या कागदांत 'फोर्स मेजर' नावाचे एक कलम हमखास असते. शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ असा की आमच्या हाताबाहेरचे काही घडले तर आम्ही जबाबदार नाही. पूर्वी त्यात युद्ध, वादळ, भूकंप, संप असे असायचे. आता बहुतेक ठिकाणी महामारी, विलगीकरण आणि सरकारी आदेश हेही शब्द दिसतात. करोना गेला, पण जाताना या कलमात आपली जागा करून गेला. म्हणून काही वर्षांपूर्वीच्या गोष्टी आज उकरून काढतो आहे.

बोटीचे आणि साथीचे नाते काय असते ते जगाने फेब्रुवारी २०२० मध्ये पाहिले. जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकली. बोटीवर ३,७११ माणसे. चौदा दिवस आपापल्या खोलीत बसा असा हुकूम झाला आणि अखेर त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. निम्म्याहून अधिक प्रवासी साठीच्या पुढचे होते, हे आपल्याकडच्या बातम्यांत कुणी फारसे सांगितले नाही. आपले १३८ लोक त्यावर होते, आणि त्यांतले १३२ कर्मचारी होते. म्हणजे मौज करायला गेलेले आपले सहा जण, बाकीचे पोटासाठी! फेब्रुवारीच्या शेवटी एअर इंडियाच्या विमानाने त्यांतल्या ११९ जणांना परत आणले.

हे झाले परदेशातले. आपल्या दारातले उदाहरण २०२२ च्या नववर्षाचे. मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया' बोटीवर सुमारे दोन हजार माणसे होती. एका कर्मचाऱ्याला लागण झाल्याचे कळले. मुरगाव बंदरात सगळ्यांची तपासणी होईपर्यंत कुणाला उतरू दिले नाही, आणि ६६ जण बाधित निघाले. शेवटी बोट मुंबईला परत आली आणि तिथे पुन्हा तपासण्या झाल्या. ज्यांना काहीच झाले नव्हते त्यांचेही नववर्ष गोव्याचा किनारा कठड्यावरून पाहण्यात गेले. रेल्वेत असे होत नाही. मनमाडला उतरून घरी येता येते. बोटीतून उतरायचे तर बंदराची परवानगी लागते, ती मिळाली नाही की तुमची खोली हीच तुमची कोठडी.

आणि त्या काळातले नियम! आमच्या घनसावंगीचे राजेश टोपे तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री होते, त्यामुळे आम्ही जालनेकर जरा अधिकच आस्थेने टीव्हीसमोर बसायचो. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा, तो सप्टेंबर २०२० मध्ये गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा आला. गोव्याने मे २०२१ मध्ये निगेटिव्ह रिपोर्टची सक्ती केली. दुसरा डोस, त्यावर चौदा दिवस, मग प्रमाणपत्र. नियम चूक होते असे मी म्हणत नाही. माणसे मरत होती. वारीसुद्धा दोन वर्षे पायी निघाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तिथे आमच्या सहलीचे काय मोठे! माझे म्हणणे एवढेच की पंधरा-पंधरा दिवसांनी बदलणाऱ्या नियमांत सहा महिने आधी पूर्ण पैसे घेऊन ठेवायचे, आणि नियम बदलला की त्याचा सगळा भार प्रवाशावर टाकायचा, हा व्यवहार सरळ नव्हता.

'मग विमा काढायचा ना!' असे तरुण मंडळी म्हणतात. विमा जरूर काढावा. पण प्रवासविमा काय देतो हे नीट बघा. परदेशात आजारी पडलात तर दवाखान्याचा खर्च, सामान हरवले तर थोडी भरपाई. सहल रद्द झाली तर पैसे देणारे कलम बहुतेक ठिकाणी असते, पण त्याखाली कारणांची यादी असते. तुम्ही स्वतः गंभीर आजारी पडलात, जवळचे कुणी वारले, अशी ती कारणे. यादीत नाही ते कारण म्हणजे कारणच नाही. सरकारने बंदर बंद केले, भीती वाटली, मुलगा म्हणाला जाऊ नका, यातले काही त्यात सहसा बसत नाही. शिवाय साथ जाहीर झाल्यावर विमा काढला तर 'हे तुम्हाला आधीच माहीत होते' असे म्हणायला कंपनी मोकळी. पुढे काही कंपन्यांनी करोनासाठी वेगळी कलमे घातली, हेही खरे.

त्यात आम्हा म्हाताऱ्यांचे वेगळेच. सत्तरीनंतर हप्ता चढतो आणि संरक्षण उतरते. रक्तदाब, साखर हे जुने आजार. लिहिले नाहीत तर दावा फेटाळतात, लिहिले तर त्या आजारापुरते बाहेर ठेवतात. जुलै २०२० मध्ये विमा नियामकाच्या आदेशाने 'कोरोना कवच' ही प्रमाण पॉलिसी आली, तिचे प्रवेशाचे वय १८ ते ६५. जो आजार पासष्टीच्या पुढच्यांना सर्वांत जास्त मारत होता, त्याच्या कवचाला पासष्टीचीच मर्यादा! विमा हा धंदा आहे आणि धंद्याचे गणित मला कळते. पण मग त्याला आधार म्हणू नये.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळे लिहायला बसलो ती सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्याबरोबर असलेले एक मित्र. लग्न १९७० च्या मे महिन्यातले. पन्नासावा वाढदिवस म्हणून २०१९ च्या डिसेंबरात त्यांनी सिंगापूरच्या बोटीचे बुकिंग केले. दोघांचे मिळून एक लाख शहाऐंशी हजार. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचे तिमाही व्याज ते साठवत होते, त्यातले. वहिनींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मुंबई त्यांना ठाऊक होती ती फक्त दवाखान्यापुरती, भावाच्या ऑपरेशनच्या वेळची. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले. टूरवाल्याने पैसे परत दिले नाहीत, क्रेडिट नोट दिली. मुदत ३१ डिसेंबर २०२१. विमावाल्याने थोडी रक्कम कापून हप्ता परत केला आणि तो मोकळा झाला.

आता या मुदतीकडे बघा. भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने २३ मार्च २०२० ला थांबली. ती १५ डिसेंबर २०२१ पासून सुरू करायचे ठरले होते, तेवढ्यात ओमिक्रॉन आला आणि बेत पुढे ढकलला. प्रत्यक्षात सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. मध्यंतरी ठराविक देशांशी विशेष करार करून काही विमाने जात होती, पण सहलीला निघालेल्या सत्तरीच्या जोडप्याला त्यांचा काय उपयोग? गंमत म्हणजे सिंगापूरहून बोटी नोव्हेंबर २०२० पासूनच निघत होत्या, कुठल्याही बंदराला न लागता समुद्रात फिरून परत यायच्या. मात्र त्या तिथल्या रहिवाशांसाठीच होत्या. म्हणजे बोट चालू, नोट चालू, आणि नोटवाला जालन्यात.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, वहिनी गेल्या.

मित्राने पैशाचा विषय काढला नाही. आम्ही दोघा-तिघांनी अर्ज लिहिला, त्यांनी सही केली. उत्तर फोनवर आले. 'काका, नोट दोघांच्या नावावर आहे. तुम्ही एकटे जा, नाहीतर काकूंच्या जागी दुसऱ्या कुणाला न्या. रिफंड पॉलिसीत नाही.' बोलणारा मुलगा उद्धट नव्हता. चांगला आदबीने बोलत होता. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जे लिहिले होते ते त्याने वाचून दाखवले.

टूरवाल्यांची बाजू मला दिसत नाही असे नाही. त्यांचे पैसे पुढे बोटीच्या कंपनीकडे, हॉटेलकडे अडकलेले. २०१९ मध्ये मुंबईहून 'कर्णिका' ही बोट सुरू करणारी जलेश क्रूझेस पुढच्याच वर्षी बंद पडली आणि ती बोट अलंगला भंगारात गेली. कंपनीच बुडाली तर नोट कुणाला दाखवायची? सगळ्यांनी एकदम पैसे परत मागितले असते तर अनेक छोटे टूरवाले रस्त्यावर आले असते, हेही मान्य. पण क्रेडिट नोट म्हणजे काय, तर ग्राहकाने धंद्याला दिलेले बिनव्याजी कर्ज. तीस वर्षांचा माणूस ते देऊ शकतो. त्याला पुढच्या वर्षी जाता येते, त्याच्या पुढच्या वर्षीही जाता येते. पंचाहत्तरीच्या माणसाकडून मात्र तुम्ही पैशाबरोबर वर्षेही उसनी घेता, आणि ती कोणत्या कंपनीला परत करता येतात?

विमानाच्या तिकिटांबाबत हा विचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला. टाळेबंदीतल्या तिकिटांचे पैसे परत करा. जी विमान कंपनी अडचणीत असेल तिने ३१ मार्च २०२१ पर्यंतचे क्रेडिट द्यावे, ते दुसऱ्याच्या नावे करता यावे, त्यावर दरमहा आधी अर्धा आणि नंतर पाऊण टक्का वाढ द्यावी, आणि वापरले नाही तर मुदत संपल्यावर रोख परत करावे. किती साधी आणि न्याय्य व्यवस्था! पण ती विमानापुरती होती. बोटीला, हॉटेलला, सहलीच्या पॅकेजला ती लागू नव्हती. माझ्या मित्राचे मुंबई-सिंगापूर विमानाचे पैसे वेगळे दाखवले असते तर निदान त्यांच्यासाठी भांडता आले असते. पॅकेजमध्ये सगळे एकत्र बांधलेले, गाठोडे सुटलेच नाही.

माझी मागणी यापेक्षा मोठी नाही. तोच नियम सहलींना कायमचा लावा, पुढच्या साथीची वाट न पाहता. आणि प्रवासी पासष्टीच्या पुढचा असेल तर नोट घ्यायची की रोख, हे त्याने ठरवावे. नोटेवरच्या दोघांतला एक गेला तर त्याच्या वाट्याचे पैसे वारसाला मिळावेत. बँकेतल्या ठेवीला वारस असतो, पोस्टातल्या खात्याला असतो, मग या एक लाख शहाऐंशी हजारांनी काय पाप केले?

तोपर्यंत, जे माझ्याकडे कागद घेऊन येतात त्यांना मी सांगतो ते असे. बुकिंगआधी टूरवाल्याला एकच प्रश्न लेखी विचारा. सरकारच्या आदेशाने सहल झाली नाही तर रोख परत देणार की नोट? तोंडी उत्तर घेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर घेतले तरी चालेल. विमान, बोट आणि हॉटेल यांच्या रकमा पावतीवर वेगवेगळ्या लिहून घ्या. विमा काढताना किती लाखांचा आहे हे विचारण्याआधी 'सहल रद्द' या कलमाखालची कारणे वाचून घ्या. आपले खरे आजार खरे लिहा. पूर्ण रक्कम एकदम भरू नका. सूट मिळते म्हणून भरणारे पुष्कळ असतात, त्या सुटीचा हिशेब नंतर कळतो.

आणि बिनसलेच तर मुंबई-दिल्लीला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मग कंपनी कुठलीही असो. म्हणजे जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील हवाच असेही नाही, अर्ज ऑनलाइनही जातो. विमा कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर आधी कंपनीला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपल्याला पुण्याचे कार्यालय लागते, तिथेही फी नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचे कारण घडले त्या दिवसापासून मोजतात. टूरवाल्याशी फोनवर गोड बोलण्यात गेलेले महिने त्यातून वजा होत नाहीत, म्हणून पहिला फोन झाला की त्याच आठवड्यात स्पीड पोस्टने एक पत्र टाकून पोच जपून ठेवावी.