विक्रेत्याची मुदत आणि पर्लकोटेचा पूर

वापरलेला मोबाइल किंवा लॅपटॉप ऑनलाइन विकणाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा झाली की व्यवहार संपला असे सहसा मानले जाते. प्रत्यक्षात खरेदीदाराने वस्तू हाती घेऊन तपासेपर्यंत तो कच्चाच राहतो, आणि बहुतेक तंटे याच मधल्या काळात उभे राहतात. आठवडी बाजारात घेणारा वस्तू उलटसुलट करून पाहतो, भाव पाडतो आणि मगच पैसे मोजतो. ऑनलाइन विक्रीत हा क्रम उलटा होतो, कारण तिथे पैसे आधी जातात आणि तपासणी नंतर, शेकडो किलोमीटर दूर, विक्रेत्याच्या गैरहजेरीत होते. भामरागडच्या विक्रेत्यासाठी या अंतरात आणखी एका गोष्टीची भर पडते. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळ, छत्तीसगडच्या सीमेलगत वसलेले हे तालुक्याचे गाव आलापल्लीपासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे, आणि पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊन ही वाट बंद पडल्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत आले आहेत; २०१९ च्या पावसाळ्यात तर पुराचे पाणी थेट गावात शिरले होते. रस्त्याबरोबर वीज आणि मोबाइलचे जाळेही गेले, तर तक्रारीला उत्तर देण्याची मुदत विक्रेत्याला तक्रार कळण्याआधीच संपू शकते.

अशा तंट्यांचे मूळ बहुधा वर्णनात असते. १९९५ मध्ये अमेरिकेत पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झालेल्या लिलावस्थळावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता, आणि तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वस्तू बिघडलेली आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते, म्हणून तक्रारीला जागाच उरली नाही. भारतीय कायद्याची भूमिकाही याच्याशी जुळणारी आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ नुसार वस्तूच्या दर्जाची हमी विक्रेत्याने दिलीच आहे असे साधारणपणे गृहीत धरले जात नाही, म्हणजे वस्तू पारखण्याची जबाबदारी मुख्यतः घेणाऱ्यावर राहते. परंतु कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. ऑनलाइन विक्री जवळपास पूर्णतः वर्णनावरच चालते, त्यामुळे पहिल्या नियमाचा आसरा विक्रेत्याला फारसा मिळत नाही आणि ‘चालू स्थितीत’ यांसारखे सैल शब्द त्याच्याच अंगावर येतात.

म्हणूनच डिस्प्ले बदललेला असल्यास तो मूळ कंपनीचा आहे की स्थानिक दुरुस्तीत बसवलेला, बॅटरी किती वेळ टिकते, चार्जिंगची पिन सैल आहे काय, बिल आणि बॉक्स सोबत आहेत काय, हे सारे लिहून देणे विक्रेत्याच्या हिताचे ठरते. पावसाळी जंगलप्रदेशात पाण्याचा मुद्दा वेगळा लक्षात घ्यावा लागतो. अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत किंवा आतल्या भागात एक पांढरी पट्टी असते, जी पाणी लागताच लाल किंवा गुलाबी होते, आणि दुरुस्ती केंद्रे तिच्यावरूनच फोन भिजला होता की नाही हे ठरवतात; जिथे ही पट्टी उघडपणे दिसते तिथे फोन पाठवण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेतलेले असले, तर ‘आधीच भिजलेला माल दिला’ या आरोपाला उत्तर हाताशी राहते. दुसरा नेहमीचा वाद खात्याच्या कुलपाचा असतो. २०१३ पासून आयफोनमध्ये आणि २०१५ च्या सुमारास अँड्रॉइडमध्ये अशी सोय आली की, जुन्या मालकाचे खाते न काढता फोन पुसल्यास नवा मालक तो सुरूच करू शकत नाही. चोरीला आळा घालण्यासाठी केलेल्या या सोयीमुळे विक्रेत्याच्या साध्या विसरभोळेपणाला फसवणुकीचे रूप येते. शिवाय जाळे गेलेल्या गावातून ते कुलूप दूरवरून उघडून देणेही अवघड होते, म्हणून फोन पुसण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडणे भामरागडमध्ये अधिकच आवश्यक आहे.

खरेदीदाराची तक्रार खरी असेल तर रक्कम परत करणे किंवा योग्य ती सूट देणे हाच सरळ मार्ग आहे, आणि तसे करणाऱ्या विक्रेत्याचे नावही टिकते. कठीण प्रसंग उरतो तो प्रामाणिक विक्रेत्याचा, ज्याच्या वस्तूऐवजी दुसरीच वस्तू परत येते किंवा खोका रिकामा निघाला असे सांगितले जाते. इथे पुराव्याशिवाय कोणतेही म्हणणे टिकत नाही, आणि हा पुरावा पार्सल बंद होण्यापूर्वीच तयार करावा लागतो. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख, त्याच फोनच्या चालू पडद्यासह आणि खोका बंद होईपर्यंत एकाच सलग चित्रफितीत टिपला गेला पाहिजे. स्पीड पोस्टच्या पावतीवर छापलेले वजन हाही एक मूक पण भक्कम साक्षीदार असतो, कारण परत आलेल्या पार्सलच्या वजनाशी त्याची तुलना करता येते. चित्रफीत व्हॉट्सअॅपवरून पाठवली की ती आकसते आणि तिची मूळ फाइल राहत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा फाइलसोबत एक प्रमाणपत्र द्यावे लागते, ज्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण, नोंदवलेले असते. विकायचा फोन स्वतःचेच चित्रण करू शकत नसल्याने ही चित्रफीत बहुधा शेजाऱ्याच्या वा नातलगाच्या फोनवर घेतली जाते, आणि पुढे प्रमाणपत्रासाठी त्या फोनच्या मालकाचे सहकार्य लागू शकते. चित्रण कोणाच्या फोनवर करायचे हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

विक्रेत्याच्या कायदेशीर स्थानात एक विचित्र पोकळी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २० जुलै २०२० रोजी लागू झाला, आणि त्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागण्याची, तसेच दूरदृश्य पद्धतीने सुनावणीस हजर राहण्याची सोय दिली. गडचिरोलीला जाण्यासाठी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागणाऱ्या भामरागडकरासाठी ही सोय मोलाची आहे. मात्र ती ग्राहकासाठी आहे, आणि खरेदीदाराशी वाद झालेला विक्रेता त्या नात्यात ग्राहक नसतो. २०२० च्याच ई-वाणिज्य नियमांतूनही वैयक्तिकरीत्या, नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, एखादी वस्तू विकणारी व्यक्ती वगळलेली आहे. खरेदीदाराविरुद्ध त्याला दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो, आणि सात-आठ हजारांच्या फोनसाठी तो परवडत नाही. विक्रीस्थळाने त्याच्याकडून मोबदला घेतला असेल तर त्या सेवेपुरता तो ग्राहक असल्याचा मुद्दा मांडता येतो. तसेच या नियमांनुसार विक्रीस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. प्रकरण वादाचे नसून सरळ ठकवणुकीचे असेल, उदाहरणार्थ पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितले गेले असेल, तर जराही वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे, कारण यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीही लागत नाही.

परत पाठवणीच्या बाबतीत कायदा विक्रेत्याला गाफील गाठतो. मालविक्री अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर योग्य कारणाने वस्तू नाकारणाऱ्या खरेदीदारावर ती परत पाठवण्याचे बंधन नसते, केवळ नकार कळवणे पुरेसे ठरते. म्हणजे पुण्यात नाकारलेला लॅपटॉप भामरागडला आणण्याचा खर्च आणि खटाटोप विक्रेत्यावर येऊ शकतो, आणि म्हणूनच परतीचा खर्च कोणाचा हे विक्रीपूर्वीच लिखित संदेशात ठरवून घेणे भाग आहे.

सर्वांत गंभीर अन्याय मुदतीत दडलेला आहे. विक्रीस्थळांच्या वाद-नियमांत उत्तरासाठी ठरावीक तास किंवा दिवस असतात, आणि ते ओलांडले की निर्णय बहुधा खरेदीदाराच्या बाजूने जातो. हे नियम लिहिताना सगळीकडे वीज, जाळे आणि रस्ता बारमाही आहेत असे गृहीत धरलेले दिसते. न्यायव्यवस्थेने मात्र इतकी कठोर भूमिका घेतलेली नाही. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम ४ नुसार न्यायालय बंद असताना मुदत संपली तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. ग्राहक आयोगालाही पुरेसे कारण दाखवल्यास दोन वर्षांनंतरची तक्रार स्वीकारता येते. आणि करोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता. १९३० च्या जुन्या मालविक्री अधिनियमातही खरेदीदाराने वस्तू ठेवून घेतली असे केव्हा मानायचे, याला ‘वाजवी काळ’ हीच कसोटी आहे, आणि वाजवी काळ कोणता हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते. खरेदीदाराला वाजवी काळाची मुभा असेल, तर पुराने तोडलेल्या तालुक्यातील विक्रेत्यालाही ती मिळाली पाहिजे, आणि पूरप्रवण पिनकोडसाठी उत्तराची मुदत रस्ता उघडेपर्यंत थांबवणे विक्रीस्थळांना तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. तशी सोय होईपर्यंत जुलै ते सप्टेंबर या काळात विक्रीच्या जाहिरातीतच उत्तराला उशीर होऊ शकतो असे लिहिणे, पार्सल शक्यतो आलापल्लीहून किंवा अहेरीहून रवाना करणे, आणि तक्रार आल्यास पहिल्याच उत्तरात जिल्हा प्रशासनाने पावसाळ्यात प्रसिद्ध केलेली बंद मार्गांची यादी जोडून मुदतवाढ मागणे, एवढे विक्रेत्याच्या हाती उरते. मुदतवाढीचे हे पत्र तारखेसह जपून ठेवले, तर पुढे विक्रीस्थळाविरुद्ध आयोगाकडे जाण्याची वेळ आल्यास विलंब विक्रेत्याचा नव्हता हे त्यावरून दाखवता येते.