वडस कोण मोजणार?

लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात पारावर बसलेल्या साठीपुढच्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहावे. एखाद्याच्या तरी डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून निघालेला, लाल शिरांचा तिकोनी पापुद्रा बुबुळाकडे सरकलेला दिसेल. डोळ्याला पाणी, आग, खडा गेल्यासारखी खुपण. घरचे म्हणतात, ‘वडस आलाय’ किंवा ‘मांस वाढलंय’, आणि वयावर ढकलून मोकळे होतात. यात वयाइतकाच, किंबहुना अधिक वाटा उन्हाचा, धुळीचा आणि कोरड्या वाऱ्याचा आहे.

नागपूरजवळच्या आठ खेड्यांत सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतल्या जवळपास १३ टक्के लोकांना वडस होता. सत्तरी ओलांडलेल्यांत हे प्रमाण चौघांत एक असे भरले. शिक्षण जितके कमी, तितका धोका अधिक. शिक्षण कमी म्हणजे शेतात राबणे अधिक, हे सांगायला संशोधक लागत नाही. नागपूर तापते म्हणून तिथे वडस आणि लातूर जरा गार म्हणून इथे नाही, असेही नव्हे. अतिनील किरणांना तापमापकाशी देणेघेणे नसते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३७ अंशांपर्यंत वडसाचा पट्टा मानला जातो. बालाघाटच्या पठारावरचे चाकूर साडेअठरा अंशांवर आहे.

माथ्यावरच्या सूर्यापासून भुवया डोळ्यांना थोडे तरी वाचवतात. सकाळचे आणि दुपार कलल्यानंतरचे तिरपे ऊन मात्र थेट डोळ्यात शिरते. बाजूने आलेला प्रकाश बुबुळातून वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो आणि वडस बहुधा तिथूनच उगवतो. उन्हाचा तडाखा चुकवायला माणसे शेतात लवकर जातात, पण डोळ्यांची त्यातून सुटका नाही. गांधी टोपीला पुढे कड नाही, पटक्याचीही तीच गत. त्या मानाने कपाळावर पुढे ओढलेला पदर शहाणा म्हणायचा.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याचा सारा भर मोतीबिंदूवर राहिला. त्यात गैर काही नाही. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वाचे दोन तृतीयांश कारण मोतीबिंदूच निघाले. याच लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने त्या कामासाठी देशभर ओळखले जातात. पण मोतीबिंदूच्या एका प्रकाराचेही उन्हाशी नाते आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावरील ८३८ कोळ्यांच्या १९८८ मधील अभ्यासाने ते दाखवून दिले. शिवाय वडस बुबुळाला ओढून तिरका नंबर आणतो, त्यामुळे मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या भिंगाचे मापही चुकू शकते. म्हणजे शिबिरात वडसाकडे काणाडोळा करणे मोतीबिंदूच्या कामालाही मारक आहे. बाहुलीपर्यंत पोचलेला वडस नजर अडवतो. तेव्हा तो काढला तरी बुबुळावर व्रण राहतो.

शस्त्रक्रिया कोणती, हेही महत्त्वाचे. नुसता सोलून काढलेला वडस अनेकदा पुन्हा उगवतो, आणि दुसऱ्या खेपेला अधिक दांडगा असतो. त्या जागी रुग्णाच्याच डोळ्याचा वरच्या पापणीखालचा पातळ पडदा बसवला, तर ही शक्यता खूप घटते. हे काम वेळखाऊ आहे. शस्त्रक्रियांचा आकडा मोजणाऱ्या व्यवस्थेत वेळखाऊ कामाला वाली नसतो, ही खरी अडचण आहे. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवणेही गरजेचे, कारण डोळ्याच्या पृष्ठभागावरचा कर्करोग कधी कधी वडसासारखाच दिसतो.

याहून मोठा धोका औषधाच्या दुकानात आहे. डोळा लाल झाला की चिठ्ठीवाचून मिळणारे स्टेरॉइडचे थेंब दोन दिवसांत लाली घालवतात, म्हणून तीच बाटली महिनोन् महिने चालते. त्यातून डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. असे थेंब चिठ्ठीवाचून विकणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने डोळे वटारलेच पाहिजेत.

खबरदारी स्वस्त आहे. रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण रोखणारा चष्मा एवढ्याने बरेच भागते. नुसती काळी काच काही कामाची नाही; तिच्याआड बाहुली मोठी होते आणि किरण उलट अधिक आत शिरतात. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटीची तरतूद मान्य केली. त्या यादीत टोपी आणि चष्मा घालायला नवे तत्त्वज्ञान लागत नाही. ऊसतोड, खडी फोडणे, रस्त्याची कामे यांनाही तोच नियम लावावा.

चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयाने सुरुवात करावी. नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाच्या डोळ्यावर बॅटरी मारून वडस बुबुळावर किती मिलिमीटर चढला ते कागदावर लिहावे आणि वाढता वडस वेळेत लातूर-उदगीरच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावा. सोयाबीनच्या काढणीला माणसे उन्हात उतरण्याआधी ही नोंद सुरू व्हावी.